वाकडे नकाशे, सरळ वाटा : मध्ययुगीन सागरी नकाशे कितपत अचूक होते?

#थ्रेड #इतिहास

१/
जुलै १२७०. फ्रान्सचा राजा नववा लुई दुसऱ्यांदा धर्मयुद्धास निघाला होता. एग-मोर्त या दक्षिण फ्रान्समधील बंदरातून ताफा निघाला. सुकाणू जिनोआच्या खलाशांच्या हाती होते आणि पहिला मुक्काम सार्डिनिया बेटावरील काल्यारी बंदरात ठरला होता. वाटेत वादळाने गाठले. अपेक्षित दिवस उलटले तरी किनारा दिसेना. राजाच्या परिवारात कुजबुज सुरू झाली : आपण नेमके आहोत तरी कुठे?

२/
तेव्हा वाटाड्यांनी राजापुढे एक नकाशा आणून ठेवला आणि काल्यारी कुठे आहे, किनारा किती जवळ आहे, हे त्यावर दाखवले. गियोम द नांजी या इतिवृत्तकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. युरोपात जहाजावर सागरी नकाशा वापरल्याची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद होय. वाटाड्यांचे म्हणणे खरे ठरले आणि ताफा काल्यारीला पोहोचला.

३/
नांजीने त्या नकाशाला 'जगाचा नकाशा' म्हटले आहे. पण त्या काळचे जगनकाशे निराळे होते. इंग्लंडमधील हेरफर्डचा, १३०० च्या सुमाराचा नकाशा पाहावा : मध्यभागी जेरुसलेम, वरच्या टोकाला पूर्व दिशा, आणि सर्वत्र बायबलमधील प्रसंग व अद्भुत प्राणी. त्याचा हेतू सृष्टीची धर्मसंमत मांडणी दाखवणे हा होता. वादळात सापडलेल्या जहाजाला त्यावरून बंदर सापडणे अशक्य. राजापुढे आलेला नकाशा वेगळ्याच घराण्यातला असला पाहिजे.

४/
त्या घराण्याला आज 'पोर्तोलान नकाशे' म्हणतात. उपलब्ध नकाशांपैकी सर्वांत जुना सामान्यतः 'कार्ता पिसाना' मानला जातो. तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावा, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. सुमारे ५० × १०४ सेंमी आकाराचे हे चर्मपत्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावर नऊशेहून अधिक स्थलनामे आहेत. त्यावरील इटलीचा बूट, सिसिलीचा त्रिकोण, ग्रीसची तुटक किनारपट्टी आजच्या वाचकालाही क्षणात ओळखता येते.

५/
येथेच एक कोडे सुरू होते. याआधीचा, या प्रतीचा एकही नकाशा सापडलेला नाही. बाल्यावस्था नाही, चाचपडणे नाही. पहिला उपलब्ध नमुनाच प्रौढ. या पोकळीत गेल्या काही दशकांत अनेक कल्पना शिरल्या. त्यातली सर्वांत लोकप्रिय अशी : मध्ययुगीन माणसांना हे जमणेच शक्य नव्हते, हा एखाद्या लुप्त, प्रगत संस्कृतीचा वारसा होय. १९६६ मध्ये चार्ल्स हॅपगूड यांच्या पुस्तकाने या कल्पनेला मोठी प्रसिद्धी दिली. समाजमाध्यमांवर ती आजही फिरत असते.

६/
ती तपासायची तर आधी नकाशा पाहावा लागतो. बहुधा तो एकाच अखंड कातड्यावर काढलेला असतो. पुष्कळदा जनावराच्या मानेचा निमुळता भागही तसाच राखलेला असतो. किनाऱ्यावरील नावे जमिनीच्या बाजूला, किनाऱ्याला काटकोनात, एकापुढे एक लिहिलेली. महत्त्वाची बंदरे लाल शाईत, बाकीची काळ्या. खडकांसाठी फुल्या, उथळ वाळूसाठी ठिपके. भूशिरे व छोटी बेटे मुद्दाम मोठी काढलेली, कारण खलाशाची नजर तीच शोधत असते. देशांतर्गत भाग बहुधा कोरा.

७/
या सर्वांवर सरळ रेषांचे जाळे पसरलेले दिसते. एका अदृश्य वर्तुळाच्या परिघावर समान अंतरावर १६ बिंदू घेऊन ते परस्परांना जोडलेले असतात. त्यातून ३२ दिशा मिळतात. आठ मुख्य वाऱ्यांच्या रेषा काळ्या किंवा तपकिरी, आठ अर्धवाऱ्यांच्या हिरव्या आणि सोळा पाववाऱ्यांच्या लाल. दिशांची नावेही वाऱ्यांचीच : उत्तरेला त्रामोंताना, पूर्वेला लेवांते, आग्नेयेला शिरोको, पश्चिमेला पोनेंते. नकाशावर अक्षांश नाहीत, रेखांशही नाहीत.

८/
वापरण्याची रीत साधी होती. निघण्याचे बंदर व जायचे बंदर यांना जोडणारी सरळ रेषा मनात धरायची. तिला समांतर अशी जाळ्यातली जवळची रेषा शोधायची. तिचा वारा हीच जहाजाची दिशा. मग कर्कटकाने दोन बंदरांतील अंतर उचलून नकाशाच्या कडेला असलेल्या मापपट्टीवर ठेवायचे, की मैल मिळाले. दिशा पाळायला होकायंत्र, वेळ मोजायला वाळूचे घड्याळ; जहाजाचा वेग मात्र अनुभवी डोळ्याने ताडायचा.

९/
या त्रिकुटात होकायंत्र निर्णायक ठरले. चुंबकसुईचा युरोपातील उल्लेख अलेक्झांडर नेकम याच्या लेखनात, बाराव्या शतकाच्या अखेरीस येतो. चीनमध्ये शन ग्वा याने १०८८ च्या सुमारास तिचे वर्णन केले होते. पेत्रुस पेरेग्रिनुस याने १२६९ मध्ये चुंबकावर सविस्तर पत्रग्रंथ लिहिला. म्हणजे लुईच्या प्रवासापूर्वी एकच वर्ष. सुई, जाळे आणि नकाशा ही एकाच काळातली, परस्परांना पूरक अशी साधने आहेत.

१०/
त्याचा परिणाम व्यापारावर झाला. भूमध्य समुद्रात पूर्वी हिवाळ्यात लांबची नौकानयने बहुधा बंद असत. वादळांइतकेच आणखी एक कारण होते : ढगांमुळे सूर्य-तारे दिसत नसत. तेराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत व्हेनिसचे ताफे हिवाळ्यातही ये-जा करू लागले आणि वर्षाला दोन फेऱ्या शक्य झाल्या. इतिहासकार फ्रेडरिक लेन यांनी या बदलाचा संबंध होकायंत्राशी जोडून दाखवला.

११/
पण वारा नेहमी हव्या त्या दिशेने नेत नाही. समजा, जायचे आहे पूर्वेला आणि वाऱ्यामुळे जहाज दोन 'पाव' म्हणजे साडेबावीस अंश दक्षिणेकडे कलून चालले आहे. १०० मैलांनंतर ते कुठे असेल? यासाठी इटालियन खलाशांकडे 'मार्तेलोयो' नावाचे कोष्टक होते. कोष्टक सांगते : मार्गापासून ३८ मैल बाजूला, आणि मार्गाच्या दिशेने ९२ मैल पुढे.

१२/
आता जहाज चार पाव, म्हणजे ४५ अंश, उलट्या बाजूला वळवून मूळ रेषेवर आणायचे आहे. कोष्टक सांगते : बाजूला गेलेल्या दर १० मैलांसाठी १४ मैल चाला, तेवढ्यात १० मैल पुढेही सराल. म्हणजे ३८ मैलांसाठी सुमारे ५३ मैल चालायचे आणि रेषेवर यायचे. एकूण प्रगती ९२ + ३८ = १३० मैल. शाळेतील त्रिकोणमितीने पडताळून पाहिले तरी उत्तर हेच येते.

१३/
या कोष्टकाचे उपलब्ध जुने स्पष्टीकरण व्हेनिसच्या आंद्रेआ बियांको याच्या १४३६ च्या नकाशासंग्रहात आहे. पण असा काही हिशेब खलाशी करतात, याचा निर्देश रामोन युल या मायोर्काच्या तत्त्वज्ञाने तेराव्या शतकाच्या अखेरीसच केलेला आढळतो. त्रिकोणमिती न शिकलेल्या माणसाला गुणाकार-भागाकारापुरते गणित पुरावे, अशी ही सोय होती. 'मध्ययुगीन खलाशी अडाणी होते' हे गृहीतक येथेच डळमळू लागते.

१४/
मग हे नकाशे अचूक होते का? आजच्या नकाशावर ठेवून मोजले, तर भूमध्य समुद्राच्या एकेका खोऱ्यापुरती चूक सरासरी दहा-पंधरा किलोमीटरांच्या आसपास येते. तुलनेसाठी टॉलेमी पाहावा. प्राचीन भूगोलाच्या या महापंडिताने भूमध्य समुद्राची लांबी सुमारे ६२ अंश धरली. प्रत्यक्षात ती ४२ अंशांच्या जवळपास आहे. पोर्तोलान नकाशांत ही घोडचूक मुळीच नाही. प्राचीनांचे जे उत्कृष्ट ज्ञान आपल्या हाती आहे, त्याच्याही पुढे हे नकाशे गेले होते.

१५/
तरीही त्यांत एक मोठा दोष आहे. संपूर्ण भूमध्य समुद्र घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ९ ते १० अंशांनी फिरलेला दिसतो. जिब्राल्टर ३६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, अलेक्झांड्रिया ३१ अंशांच्या थोडे वर. पोर्तोलान नकाशावर मात्र दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेत येतात. जवळपास पाच अंशांची, म्हणजे पाचशे किलोमीटरांहून अधिक, ही चूक. मग या नकाशांनी जहाजे बुडवली कशी नाहीत?

१६/
उत्तर सुईत आहे. चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून थोडी ढळते. या ढळण्याला चुंबकीय दिक्पात म्हणतात आणि तो स्थळ व काळानुसार बदलतो. मध्ययुगात भूमध्य समुद्रात सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेकडे ढळत होती, असे बहुतेक संशोधक मानतात. नकाशा सुईच्या दिशांवरून काढला, म्हणून तो फिरला. वापरणाऱ्याची सुईही तशीच ढळलेली. म्हणून दोन्ही चुका परस्परांना छेदून गेल्या. भूगोल म्हणून वाकडा असलेला नकाशा खलाशासाठी सरळ होता.

१७/
दुसरा दोष अटलांटिकचा. जिब्राल्टरपलीकडचे किनारे बहुतेक जुन्या नकाशांत भूमध्य समुद्राच्या प्रमाणाने येत नाहीत. ते लहान पडतात. कार्ता पिसानावरील ब्रिटन तर ओळखूही येत नाही. पण जिनोआ-व्हेनिसची व्यापारी जहाजे फ्लँडर्स व इंग्लंडकडे जाऊ लागली, तसा ब्रिटनचा आकार सुधारत गेला. पिएत्रो वेस्कोंते हा जिनोआचा नकाशाकार. त्याचा १३११ चा नकाशा हा तारीख असलेला सर्वांत जुना पोर्तोलान. त्याच्याच पुढील काही वर्षांच्या कामात ही सुधारणा टप्प्याटप्प्याने दिसते.

१८/
हाच मुद्दा कळीचा आहे. एखाद्या लुप्त संस्कृतीने संपूर्ण पृथ्वी मोजली असती, तर ब्रिटनही सिसिलीइतकाच नीट उतरला असता. प्रत्यक्षात अचूकता तिथेच आहे जिथे इटालियन व कातालान जहाजे रोज जात होती. आणि जिथे ती जात नव्हती तिथे चूक आहे. १३७५ च्या कातालान अॅटलासमध्ये तर हे एकाच कृतीत दिसते. मायोर्काच्या अब्राहम क्रेस्क याची म्हणून ती ओळखली जाते. तीत भूमध्य समुद्र नेटका आहे. पूर्वेकडे सरकताच दिल्लीच्या सुलतानाचे चित्र आणि मार्को पोलोच्या कथा भेटतात.

१९/
तथापि गंभीर आक्षेपही आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. रोल निकोलाई या डच भूमापनतज्ज्ञाने २०१४ च्या प्रबंधात असा दावा केला, की ही अचूकता मध्ययुगीन अंदाजी मोजमापांतून येणे अशक्य आहे. अनेक मोजमापांची सरासरी काढण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. त्याच्या मते नकाशे वेगवेगळ्या, अधिक जुन्या व काटेकोर तुकड्यांपासून जोडलेले असावेत. तुकड्या-तुकड्यांत प्रमाण व तिरकेपणा बदलतो, हे त्याचे निरीक्षण महत्त्वाचे आहे.

२०/
पोर्तुगालचे जुआकीं आल्व्हेस गास्पार यांनी उलट वाट धरली. होकायंत्राच्या दिशा व अंदाजी अंतरे सपाट पृष्ठावर मांडत गेल्यास काय घडते, हे त्यांनी संगणकावर तपासले. पोर्तोलानशी मिळताजुळता आकार, तिरकेपणासह, आपोआप उमटतो. त्यासाठी कोणत्याही गणिती प्रक्षेपणाची गरज पडत नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण निकोलाईंचा प्रश्न मोजमापाच्या साधनांचा आहे. त्याचे रूपांतर 'अज्ञात महासंस्कृती'त करणे हे त्यांच्या युक्तिवादालाही अन्याय करणारे आहे.

२१/
खलाशांकडे मोजमापांचा साठा होता, याचा लेखी पुरावा आहे. 'कोम्पासो दा नाव्हेगारे' या इटालियन ग्रंथाचे १२९६ सालचे हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात बंदरामागून बंदर दिशा व अंतरे दिलेली आहेत. खडक, खोली, नांगर टाकण्याच्या जागाही आहेत. पंधराव्या शतकात अँकोनाचा ग्रात्सियोझो बेनिनकाझा हा आधी जहाजमालक होता, नंतर नकाशाकार झाला. आपल्या मार्गदर्शिकेतील माहिती प्रत्यक्ष पाहून नोंदलेली आहे, असे त्याने आवर्जून लिहून ठेवले.

२२/
आणखी एक शंका : हे नकाशे खरोखर जहाजावर जात का, की श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभत? सन १५०० पूर्वीचे सुमारे १८० नकाशे व संग्रह आज उरले आहेत आणि त्यांत सुशोभित प्रती पुष्कळ आहेत. पण हा अवशेषांचा पक्षपात आहे. ग्रंथालयातली प्रत टिकते; खाऱ्या पाण्यात भिजलेली, कर्कटकाने टोचलेली प्रत फाटून जाते. १३५४ मध्ये आरागोनच्या राजाने प्रत्येक युद्धनौकेवर दोन सागरी नकाशे ठेवण्याची आज्ञा काढली होती. खलाशांच्या मालमत्तेच्या याद्यांतही नकाशे आढळतात.

२३/
ही रीत सर्व समुद्रांची नव्हती. १४५० च्या सुमारास व्हेनिसच्या फ्रा माउरो याने आपल्या जगनकाशावर नोंदवले, की बाल्टिकमध्ये खलाशी नकाशा वा होकायंत्राने नव्हे, तर शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने तळ चाचपत जातात. आपल्या अरबी समुद्रात भर ताऱ्यांच्या उंचीवर होता. अरब मार्गदर्शक ती 'बोटां'त मोजत. जुआंव द बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराने नंतर लिहिले, की १४९८ मध्ये मालिंदी येथे एका गुजराती वाटाड्याने वास्को द गामाला हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशा दाखवला. त्यावर वाऱ्यांच्या रेषा नव्हत्या. उभ्या-आडव्या रेषांचे लहान चौकोन होते.

२४/
दोन परंपरा अशा समोरासमोर आल्या. मोठ्या महासागरात केवळ दिशा व अंतर पुरेना; पोर्तुगीजांनी नकाशात अक्षांश आणला. १५०२ मध्ये लिस्बनहून १२ सोन्याच्या ड्युकॅटांना गुपचूप मिळवलेला 'कांतिनो' नकाशा आज मोदेना येथे आहे. त्यावर वाऱ्यांचे जुने जाळे तसेच आहे आणि त्याखाली भारताचा त्रिकोणी पश्चिम किनारा उमटलेला आहे. भूमध्य समुद्राचा तिरकेपणा मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक नकाशांत राहिला. कुणालाच तो खटकत नव्हता. जहाजे पोहोचत होती.

२५/
पुढच्या वेळी 'अशक्यप्राय अचूक' अशा एखाद्या जुन्या नकाशाचे चित्र समोर आले, तर त्यातील चुका आधी शोधाव्यात. पीरी रईसच्या १५१३ च्या नकाशाबद्दल असेच दावे होतात. वस्तुतः आपण कोणकोणते नकाशे वापरले, कोलंबसाचा धरून, हे त्याने नकाशावरच लिहून ठेवले आहे. चूक कुठे आहे, कोणत्या बाजूला आहे, केव्हा सुधारली, यावरून नकाशा कुणी व कशासाठी काढला हे कळू लागते.

२६/
नववा लुई काल्यारीहून ट्युनिसला गेला आणि २५ ऑगस्ट १२७० रोजी तेथेच छावणीतील साथीत मरण पावला. त्याचे चरित्र लिहिले गेले, पुढे त्याला संतपद मिळाले. नकाशा दाखवणाऱ्या वाटाड्यांची नावे नांजीने नोंदवली नाहीत. त्यांच्यासारख्या शेकडो अनामिक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली अंतरे त्या चर्मपत्रावर होती. त्यांचे श्रेय एखाद्या काल्पनिक महासंस्कृतीला देऊ नये, इतके तरी त्यांचे देणे लागते.

समाप्त.